आबांच्या हातातलं मास्टर बटण

आबा, आज कळंबला एका हळदीत साऊंड लावून आले. नवरीचा मामा स्टेजमागं आला आणि म्हणाला, "ताई, डीजेवाला कुठंय?" मी म्हटलं, मीच. तर तो माझ्या मागं कोणी पुरुष उभा आहे का ते वाकून बघायला लागला. असल्या माणसांचा आता राग येत नाही. असल्यातच वाढले मी, तुमच्या घरात.

मोबाइलच्या दुकानात दोन वर्षं राबून आपल्या साऊंडच्या सेटसाठी लॅपटॉपला जोडायचा तो बटणांचा कंट्रोलर मी आणला होता. तुम्ही खोकं फोडलंत, दिव्यांवरून हात फिरवलात आणि मधलं सगळ्यात मोठं गोल बटण, एकूण आवाजाचं, दोन बोटांत धरलंत. "ह्या मास्टरला पोरीनं हात लावायचा नाय. तू आपली लॅपटॉपवर गाणी शोध." मी समजावून सांगितलं की आवाज दोन ठिकाणी ठरतो, आधी लॅपटॉपमध्ये आणि मग त्या बटणात. आतच लाल रेघेपर्यंत चढवला तर तो तिथंच फाटतो, मग बाहेरचं बटण कितीही उतरवा, फाटकाच आवाज नुसता हळू होतो. तुम्ही आईकडं बघून हसलात. "आवाज हाताला कळतो, कॉम्पुटरला काय कळतंय?" भोंग्याच्या जमान्यात शिकलेल्या एका वाक्यावर तुम्ही आयुष्य काढलंत.

मग आळे गावचं ते लग्न. मांडव भरलेला, नवरदेव घोड्यावरून उतरतोय आणि तुम्ही माझ्या कानाशी ओरडताय, "चढव! आजून चढव!" लॅपटॉपवर सगळं लाल झालेलं आणि तुमचं बटणही शेवटाला टेकलेलं. वरच्या दोन्ही स्पीकरचे हॉर्न जळाले आणि आवाजच गेला. अक्षता टाकायच्या वेळेला भटजी बिनमाईकचे ओरडत होते. नवरीचा बाप धावत आला, तेव्हा तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात, "पोरीला बसवलं, ही माझीच चूक झाली, पावणं." लोक हसले. मी खाली बसून वायरी गुंडाळत राहिले.

पुढच्या कार्यक्रमाला मी लॅपटॉपमधला आवाज एवढा खाली आणून ठेवला, की तुमचं बटण पार शेवटापर्यंत फिरलं तरी स्पीकरला इजा होऊ नये. तुम्हाला सांगितलं नाही. तीन वर्षं एकही हॉर्न जळला नाही. लोक येऊन म्हणायचे, "राव, तुमच्या सेटचा आवाज लई साफ," आणि तुम्ही ती दोन बोटं वर करून दाखवायचात, "ह्यात हाय ते." मी लॅपटॉपमागं मान खाली घालून बसलेली असायचे. तुमची कीव यायची, आणि खोटं कशाला बोलू, ती कीव मला आवडायची.

एकदा आळेफाट्यावर नव्या हॉटेलच्या उद्घाटनाला भाषण सुरू होणार म्हणून मी लॅपटॉपवरून गाणं जवळजवळ बंद केलं. त्याच वेळी तुम्ही बटण फिरवत होतात. माझ्याकडं वळून विचारलंत, "वाढलं का गं?" समोरचे लोक खुर्च्या सरकवत होते, तो आवाजसुद्धा गाण्यापेक्षा मोठा होता. मी म्हटलं, "वाढलं, आबा." तुम्ही समाधानानं मान हलवलीत. त्या दिवशी मला कळलं की तुम्हाला नीट ऐकू येत नाही. मी आईला सांगितलं नाही. कानाच्या डॉक्टरचं नाव काढलं नाही. बटणावर बहिरा माणूस बसलेला माझ्या सोयीचा होता.

दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात तुमच्या खाटेशी दुपारची मी एकटीच होते. तेव्हा ते सगळं बोलून टाकलं, "आबा, तीन वर्षं आवाज मी सांभाळत व्हते. तुमच्या बटणानं काय व्हत नव्हतं." तुम्ही डोळे बारीक करून माझ्या ओठांकडं पाहिलंत आणि विचारलंत, "काय म्हणती?"

"काय नाय," मी म्हटलं, "झोपा."

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, फाडायचंही नाही. एवढंच कबूल करते, की त्या दुपारी मी मुद्दाम हळू बोलले होते.