देवघरातलं इंजेक्शन

कारंजा (घाडगे)
१४ ऑक्टोबर २००७

ती. सुधाताईस,
धाकट्या मधूचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतात? भाऊजींनी शुगर असूनही जिलबी सोडली नसणारच.

तू विचारलंस, इलाला मामा म्हणून बोहल्यावर मीच आणणार ना. ताई, नको. सोरायसिसच्या खपल्यांनी भरलेल्या हातात नवरीचा हात पाहून वऱ्हाडी अक्षता टाकायला विसरतील. (हा रोग लागत नाही, हे सतरा वर्षं वर्गात, स्टाफरूममध्ये आणि न्हाव्याकडे सांगून मी थकलो.) आपले चुलतभाऊ सदाशिवराव आहेत, त्यांना उभं कर.

आता औषधाचं ऐक. नागपूरच्या डॉक्टरांनी समजावलं, की आपल्याच रक्तातलं एक प्रथिन विनाकारण आग लागल्याची बोंब मारत फिरतं आणि कातडी बिचारी घाबरून थरावर थर चढवते. नवं इंजेक्शन थेट त्या बोंब मारणाऱ्यालाच धरतं. (आमच्या शिक्षक संघटनेतही असा एक आहे, पण त्याच्यावर अजून औषध निघालेलं नाही.) अट एकच, ते सतत फ्रिजमध्ये हवं. वैशाखात मी पहिला डोस बर्फाच्या थर्मासातून आणला, लीलाच्या हाती दिला आणि मतदारयाद्यांच्या कामाला गेलो. तुझी ही भावजय कुकरपासून स्कूटरपर्यंत घरात आलेली प्रत्येक नवी वस्तू आधी देवापुढे ठेवते. इंजेक्शनलाही हळदकुंकू लागलं, शेजारी समई तेवली आणि संध्याकाळच्या आरतीपर्यंत त्याचा मुक्काम देवघरातच झाला. "नवी वस्तू देवाले दाखवल्याबिगर कशी वापराची?" असं तिनं वर मलाच विचारलं. डोस वाया गेला. देवाच्या अंगावर मात्र तेव्हापासून एक खपली दिसलेली नाही.

ती दोन दिवस जेवली नाही. मग दुसरा डोस आणायला स्वतः गेली आणि एसटीत शेजारी कुणाला बसू न देता थर्मास मांडीवर धरून आली. आमची वीज दिवसाचे आठ तास नसते, म्हणून हायवेवरच्या ढाब्याच्या बंडूजींनी आपल्या जनरेटरवरच्या फ्रिजचा अख्खा कप्पा मला दिला. ("मास्तर, कोल्ड्रिंक गरम झालं तं चालते लोकाइले, तुमचं औषध नाई होऊ देत मी.") आता ट्रकवालेसुद्धा येता-जाता माझ्या हातांची चौकशी करतात. अशी माणसं वाट्याला आली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

तरी लग्नाचं नकोच. मी मागच्या रांगेतून अक्षता टाकीन.

तुझा मधू

ता.क. लीलानं पत्र वाचलं आणि म्हणाली, खरं लिहा. खरं असं, की महिन्यापासून दोन्ही हात स्वच्छ आहेत. मलाच भरवसा नाही. रोज उठल्यावर आधी हात पाहतो आणि मग चहा मागतो.

आणखी एक. सदाशिवरावांना अजून बोलली नसशील तर बोलू नकोस. इलाला मीच आणीन. आणि आहेरात मला शर्ट घेशील, तो अर्ध्या बाह्यांचा घे. सतरा वर्षांत पहिलाच असेल.