नवरंगाच्या शिळेमागे

मुलुंड, रविवार दुपार

प्रिय स्वरदा,

फोनच करणार होते. पण फोनवर तू ‘आई, नंतर बोलते’ म्हणतेस आणि ते नंतर काही उगवत नाही. म्हणून सरळ लिहायला बसले. दोन महिने झाले, तू मालाडहून इकडे फिरकली नाहीस. रागावले नाहीये गं, पण घावन एकटीने खायचा कंटाळा आला. तू का येत नाहीस ते मला कळलंय. सांगते, जरा धीर धर.

आधी बातमी ऐक. तुझी सासू पक्षीवाली झाली! माझ्या आकाशची दुर्बीण कपाटात पडून बुरशी धरेल म्हणून उन्हात काढली आणि सहज डोळ्याला लावली. समोरच्या झाडावर तांबट बसला होता. मूठभर जीव, पण कपाळावर हा एवढा मळवट! इतकी वर्षं त्याची टुकटुक ऐकून मला वाटायचं, खाली कुणीतरी पत्रे ठोकतंय. त्या दिवसापासून पिसंच लागलं म्हण. आमच्या सोसायटीतल्या दर्शनाने तिच्या पक्षी बघणाऱ्यांच्या गटात घेतलं. हिवाळ्यात भांडुपच्या पंपिंग स्टेशनला खाडीतले गुलाबी रोहित पक्षी पाहिले, आरेत पिवळाधमक हळद्या पाहिला. घरापासून रिक्षाच्या अंतरावर एवढं सगळं आहे, आणि मी जन्मभर भाजी मार्केटच्या पुढे गेले नाही. भांडुपलाच एकदा ओरडून सगळ्यांना गोळा केलं, ‘तो बघा, केवढा मोठा बगळा!’ वाऱ्यावर उडून आलेली पिशवी निघाली. गटात मला अजून ‘पिशवीवाल्या काकू’ म्हणतात. म्हणू देत.

तुम्ही दोघं पहाटे बाहेर पडायचात आणि चिखलाचे बूट दारात काढता काढताच दोघंही एकदम सांगायला लागायचात. मला एका पक्ष्याचं नाव कळायचं नाही, पण तुमचे चेहरे बघून पोट भरायचं. आकाश गेल्यापासून तीन वर्षांत तू दुर्बीण हातात धरली नाहीस. इथे यायचीस, माझी औषधं बघायचीस, त्याच्या फोटोपुढे बसायचीस आणि जायचीस. हसायचीस तीसुद्धा मला बरं वाटावं म्हणून. मला काय ते कळत नव्हतं? रोज देवापुढे तुझ्यासाठीच हात जोडत होते. ही पोर पुन्हा खरीखुरी हसू दे, एवढंच माझं मागणं होतं.

गेल्या रविवारी आमचा गट बोरिवलीच्या नॅशनल पार्कात गेला होता. नवरंग पक्षी आलेत, त्यांचे विणीचे दिवस. झुडपांमागून त्याची दोन सुरांची शीळ ऐकू आली. मी गट सोडला आणि आवाजाच्या मागे निघाले. शीळ थांबेचना. तेव्हाच शंका यायला हवी होती, खरा पक्षी मध्ये दम खातो. फांद्या बाजूला करून बघते तर दगडावर मोबाइल ठेवलेला, तोच वाजतोय! शेजारी एक उंच मुलगा, जंगलात येताना भडक लाल शर्ट घातलेला, भलत्याच झाडावर पक्षी शोधत होता. आणि त्याची फजिती बघून पोट धरून हसत होतीस तू.

मी पावलांचा आवाज न करता मागे फिरले. दर्शनाला म्हटलं, काही नाही गं, उडून गेला. खोटं कशाला बोलू, काळजात कळ आली. आकाशच्या जागी दुसरं कुणी, हे डोळ्यांनी बघणं सोपं नव्हतं. वाटेत दगडावर बसून रडले. तेवढ्यात तुझं हसणं पुन्हा ऐकू आलं आणि रडता रडता मलाच हसू फुटलं. स्वरदा, तू मला तोंड कसं दाखवू म्हणून येत नाहीस ना? वेडी आहेस. येत्या रविवारी आमची फेरी पवई तलावावर आहे. ये, आणि त्यालाही घेऊन ये. मी कोण ते त्याला सरळ सांग, लपवू नकोस. शर्ट मात्र मातकट घालायला सांग, आणि विणीच्या दिवसांत ते रेकॉर्डिंग वाजवायचं नाही म्हणावं. आपल्या जागेत दुसरा कुणी घुसला असं वाटून तो बिचारा नवरंग घरटं सोडून भांडायला धावतो. मीही त्याच आवाजावर आले होते, पण मला भांडायचं नाहीये.

तुझीच,
आई