नव्या इंधनाचा मुहूर्त

तीर्थरूप मामांस शिरसाष्टांग नमस्कार.

तुमची कंबर आता वाकू देत असेल अशी आशा आहे, आणि मामीचा राग (माझ्यावरचा, तुमच्यावरचा कायमचाच आहे) उतरला असेल अशीही. इकडे माझे पाय जमिनीवर ठरत नाहीत. आमच्या छोट्या संशोधनाच्या अणुभट्टीतलं जुनं, अतिसमृद्ध युरेनियम एकदाचं गेलं. त्यातून कुणी बॉम्ब करेल म्हणून दारावर बंदूकवाले असायचे आणि रोज माझ्या डब्याची झडती व्हायची. आता कमी समृद्धीचं इंधन भरायचंय, आणि ते भरून भट्टी पहिल्यांदा चालू करताना नियंत्रणाच्या खुर्चीत कोण, तर तुमची भाची. ज्येष्ठ मंडळींची तोंडं बघण्यासारखी झाली होती.

फोनवर तुम्ही म्हणालात, हे दुधात पाणी घालणं झालं. तसं नाही हो, मामा. नव्या इंधनात युरेनियम जास्त ठासून भरलंय, त्यामुळे भट्टी पूर्वीसारखंच काम करणार, दवाखान्यांची औषधंही होणार. फक्त चोरणाऱ्याच्या हाती बॉम्बजोगं काही लागणार नाही.

तर गेल्या आठवड्यात भरणी सुरू झाली. रीत अशी की पाण्याच्या खोल हौदात इंधनाची एक जुडी सोडायची, थांबायचं, न्यूट्रॉन मोजायचे, मग पुढची. दर जुडीमागे आकडा चढला पाहिजे. मोजायला बसलेत तुमचे होणारे भाचेजावई. सुरुवातीच्या जुड्या गुणाने गेल्या आणि मग एका जुडीला आकडा ढिम्म हलेना. साहेबांनी (आम्ही त्यांना हेडमास्तर म्हणतो) आधी आमचं गणित चुकीचं ठरवलं, मग यंत्र, आणि शेवटी ते थेट निसर्गनियमांवर घसरले. जावईबापू घाम पुसत पुन्हा आकडेमोड करत होते. मी म्हटलं, जुडी वर काढून तरी बघू. काढली, तर ती निघाली सरावाची. आत युरेनियमचा कण नाही. सरावाच्या जुड्यांवर पिवळा पट्टा असतो, पण पाहुणे येणार म्हणून हेडमास्तरांनीच त्या घासूनपुसून लखलखीत करून घेतल्या होत्या, त्यात पट्टेही निघून गेले. क्रमांक वाचून ‘सोडा’ म्हणणारेही तेच, चष्मा डोक्यावर ठेवून.

झालं. भरणी थांबली, चौकशी झाली, सगळ्या जुड्या पुन्हा तपासल्या आणि नवी तारीख ठरली. त्या दिवशी मी नसले तर खुर्चीत दुसरं कुणी बसणार (ज्येष्ठ मंडळी टपलेलीच आहेत), आणि असा दिवस या भट्टीच्या जन्मात पुन्हा यायचा नाही. मामा, मला ती खुर्ची हवीच आहे.

आईला नमस्कार सांगा, पण हे पत्र दाखवू नका.

तुमची लाडकी भाची

ता. क. ती नवी तारीख म्हणजे आमच्या लग्नाची तारीख. हॉल तुमच्या नावावर आहे, आणि आईला समजावणं आजवर फक्त तुम्हालाच जमलंय. पुढचा रविवार मिळतो का, बघाल?

ता. क. २ जावईबापूंची काळजी नको. मी भीत भीत विचारलं, तर म्हणाले, “लग्न पुढे ढकलता येईल. मोजणी मी दुसऱ्याच्या हाती देणार नाही.” असा माणूस शोधून सापडायचा नाही. त्यांच्या आईलाही तुम्हीच सांगा.

ता. क. ३ पत्रिका पाहून हेडमास्तर फार हळहळले. त्या दिवशी भट्टी चालू व्हायची असल्याने त्यांना यायला जमणार नाही म्हणे. आम्ही दोघांनी मात्र निश्चिंत मनाने लग्न करावं.