जीप टक् म्हणाली त्या सकाळी

मामाजी, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुम्हाला काही सांगायचं म्हटलं की माझी नजर अजून आधी सासूबाईंना शोधते. तुमच्या घरात सून सासऱ्याशी बोलत नसे आणि सासराही सुनेशी बोलत नसे. भंडाऱ्याकडची शेती मागे ठेवून तुम्ही भिलाईला आलात, मुलगा पोलादाच्या प्लांटात लागला, पत्र्याच्या शेडमधून बिऱ्हाड सेक्टरच्या नव्या क्वार्टरात आलं, पण ही रीत तेवढी ट्रंकेत घडी घालून बरोबर आणलीत. लग्नानंतर पहिलं वर्ष आपण दोघं एका छताखाली मौनव्रती मुनींसारखे राहिलो. सूत्र तुमचं, भाष्य सासूबाईंचं. तुम्ही म्हणायचात, "चहा." माझ्यापर्यंत यायचं, "चहा मांड, अन् कालच्यासारखा पांचट करू नको, साखर काही तुह्या माहेराहून येत नाही." दोन अक्षरांतून एवढा अर्थ निघतो हे पाहून माझी संस्कृतच्या टीकाकारांवरची श्रद्धा फार वाढली.

त्या संस्कृतामुळेच ती सकाळ उगवली. दुर्गच्या एका शाळेत संस्कृत शिकवायला बाई हवी होती आणि मला मुलाखतीला बोलावलं होतं. सासूबाईंचा साफ नकार. तुमच्या चिरंजीवांचं म्हणजे ना विधी, ना निषेध. तेव्हा तुम्ही भिंतीकडे पाहत म्हणालात, "तिले जायचं असन तं मी जीपनं सोडून देतो. एकडाव जाऊन येऊ दे. नाही जमलं तं विषय संपला." म्हणजे संधी एकच होती, आणि ती ठेकेदाराच्या त्या म्हाताऱ्या जीपवर अवलंबून होती, जी तुम्ही दिवसभर सिमेंटच्या धुळीतून हाकायचात.

मी इस्त्रीच्या लुगड्यात, डोक्यावर पदर घेऊन दारात उभी आहे. तुम्ही बटन दाबता. टक्. पुन्हा दाबता. टक्. इंजिन हूं नाही की चूं नाही. हँडल मारून चालू करावी, तर त्याच हँडलनं उलटा झटका देऊन तुमचं मनगट मुरगाळलेलं. ढकलावी, तर गल्लीतले सगळे बाप्ये पहिल्या पाळीला गेलेले. तुम्ही बॉनेट उघडता आणि खोळंबता, कारण आत बसून कोणीतरी बटन दाबायला हवं. "मी नाही बसत त्या डब्यात," सासूबाई म्हणतात. उरले मी. तुमच्यासमोर मी कधी खाटेवरसुद्धा टेकले नव्हते, ती एकदम तुमच्या सीटवर, स्टिअरिंगच्या मागे! समोरच्या क्वार्टरातल्या बाईनं तांदूळ निवडायचे थांबवले.

"तिले म्हण, बटन दाब. अन् स्टिअरिंगसमोरचा दिवा बुजते का, पाहाले सांग."

"बुजते का वो दिवा?" सासूबाई मला.

"मंद होतो," मी हळूच.

"पार अंधार होते म्हणते!" सासूबाई तुम्हाला.

"पूरा बुजते का अर्धा, नीट विचार."

"मी का टेलिफोन होय का तुमचा? तिकडं दूध उतू चाललं माह्यं!" आणि त्या तरातरा आत गेल्या.

तुमचं डोकं बॉनेटखाली, माझं पदराखाली. मला वाटलं, संपलं. दुर्गला दुसरी कोणी बाई शिकवेल आणि मी जन्मभर चहा पांचट करत राहीन. तेवढ्यात बॉनेटखालून आवाज आला, "अर्धा बुजते का पूरा?" हा प्रश्न रेडिएटरला होता, असं मानायला आजही जागा आहे. पण उत्तर मी दिलं. "अर्धा. बटन सोडलं की परत उजळतो."

"मंग बॅटरीत जीव आहे. कुठंतरी अडून राहिला. आता दाब."

"तसाच."

"मी तार हालवतो. आता?"

"आणखी मंद झाला. आणि तिकडे चर्र झालं."

"झालं ना? हेच होय!"

बॅटरीच्या टोकावर पांढरा फुलोरा चढला होता. तो तुम्ही पात्यानं खरवडलात, मी चुलीवरचं आंघोळीचं गरम पाणी आणून दिलं, तुम्ही तार घासून पान्यानं कसली. मला आता धीर आला होता. म्हटलं, "तार हलली की दिवा बदलतो, नाही हलली की नाही बदलत. अन्वय आणि व्यतिरेक, दोन्ही सिद्ध झाले." तुम्ही पाना पुसत म्हणालात, "ते मले नाही समजत. पण बरोबर आहे." पुढच्या दाबाला जीपनं दोन उचक्या दिल्या आणि ती सुरू झाली. सासूबाई दुधाचं पातेलं हातात घेऊनच बाहेर आल्या. कोण कोणाशी काय बोललं, हे त्यांनी विचारलं नाही. पातेल्यात दूध फारसं उरलं नव्हतं.

सुपेल्याच्या बाजारातल्या गर्दीतून जाताना तुम्ही एकदाच बोललात, "दाबून दाबून बॅटरी थोडी उतरली असन, आता बंद नाही करत." शाळेपाशी तुम्ही ते शब्दशः पाळलंत. मी आत मुलाखत देतेय आणि खिडकीबाहेर तुमची जीप धडधडतेय. शेवटी मुख्याध्यापक वैतागले, "कोण आहे हो ते?" म्हटलं, "माझे सासरे." "मग त्यांना बंद करायला सांगा!" मी बाहेर आले. सासऱ्याला आज्ञा करणारी तुमच्या घराण्यातली पहिली सून.

"बंद करा म्हणताहेत."

"अन् मंग चालू नाही झाली तं? तुले घरी कशी नेऊ?"

"ढकलू."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, सरळ, पहिल्यांदाच, आणि किल्ली फिरवलीत. नोकरी मिळाली हे तुम्हाला ठाऊकच आहे, त्या जागेवर मी अजून शिकवते. हा कागद कुठल्या पेटीत टाकायचा ते मला कळत नाही, म्हणून तो धातुरूपांच्या पुस्तकात राहील. पण एक सांगते. मुलाखत आटपून आले तेव्हा जीप पहिल्याच दाबाला सुरू झाली आणि मी थोडी हिरमुसले. ढकलत गेलो असतो, तर भिलाईपर्यंत बोलत गेलो असतो.