कवच कुठून येतं

११ फेब्रुवारी २००१
बुटकीचा तुरा आज लालभडक. परवापर्यंत फिकट होता. पाच तलंगांत, म्हणजे अंड्यावर यायच्या कोंबड्यांत, हीच सगळ्यात लहान आणि हिचीच घाई. पाठीवर हात ठेवला तर पंख सैल सोडून खाली बसली. जाधवला फोन. (आम्ही दोघं कारखान्यातून एकाच दिवशी व्ही.आर.एस. घेऊन बाहेर पडलो. त्याने कात्रजपलीकडे पोल्ट्री टाकली, मी गच्चीवर या पाच जणी.) म्हणाला, "आता बदल खाद्य. आधी दिलं असतंस तर मूत्रपिंडं गेली असती. आता नाही दिलंस तर कवच धरणार नाही." म्हणजे वेळ त्या ठरवणार. आपण नुसतं तुऱ्याकडे बघत राहायचं.

१२ फेब्रु.
भवानी पेठेतून अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य आणि शिंपल्यांचा चुरा आणला. चुरा खाद्यात कालवायचा नाही, वेगळ्या वाटीत ठेवायचा. लागेल तेवढा त्या घेतात म्हणे. कमल ऑफिसातून आली, पर्ससकट गच्चीवर. वाटी बघून म्हणाली, "कोंबड्यांसाठी समुद्र आला वाटतं. मला लग्नापासून अलिबाग दाखवताय, त्याचं काय झालं?"

२० फेब्रु.
पहिलं अंडं! काळीचं. लिंबाहून थोडं मोठं, एका बाजूला रक्ताची पुसट रेघ. गरम होतं. ते धरून जिन्यात किती वेळ उभा होतो कोण जाणे. जन्मभर कारखान्यात तपासणी केली, दुसऱ्यांनी केलेल्या वस्तू मोजून पास-नापास. फोडल्यावर कवचाला माझा जुना मायक्रोमीटर लावला. जिथे लावावा तिथे जाडी जवळपास सारखीच. साचा नाही, लेथ नाही, ड्रॉइंग नाही. अंधारात, झोपेत घडवलं हिने.
कमल: "खायचंय ना ते? की सर्टिफिकेट द्यायचंय?"

२५ फेब्रु.
आज संध्याकाळी नुसता बघत बसलो. अंड्यावर आलेल्या तिघी झोपायला जाण्याआधी शिंपल्यांच्या वाटीकडे जातात, टकटक टिपतात. ज्या अजून आल्या नाहीत त्या तिकडे ढुंकूनही बघत नाहीत. कवच रात्री भरतं म्हणून संध्याकाळी पोटात चुना हवा, हे मला जाधवने सांगितलं. यांना कोणी सांगितलं?
सुजाताचा बंगलोरहून फोन. तिच्या सॉफ्टवेअर कंपनीत कसलीशी डेडलाइन. तिला हे सांगितलं तर, "हाऊ क्यूट, बाबा!" क्यूट नाही गं. पण दुसरा शब्द मलाही…

४ मार्च
बुटकीचं पहिलं. कवचच नाही. ओल्या पिशवीसारखं, बोट लावलं तिथे खड्डा. जाधव म्हणतो, सुरुवातीला होतं असं.

९ मार्च
पुन्हा तसंच. बाकीच्यांची ठणठणीत. नीट लक्ष ठेवल्यावर कळलं, काळी हिला वाटीच्या आसपास फिरकू देत नाही. इतके दिवस माझ्या नाकासमोर चाललं होतं. दुसरी वाटी ठेवली, लांबच्या कोपऱ्यात. ताडपत्रीही सकाळची गुंडाळायची ठरवली. अंगावर ऊन नसेल तर खाल्लेला चुना अंगी लागत नाही. मी बिचाऱ्यांना ऊन लागेल म्हणून सावली करून ठेवली होती.

१३ मार्च
कमल मंडईत पडली. मेथीची जुडी घेऊन वळताना ओल्या फरशीवर पाय सरकला. डावं मनगट मोडलं. प्लास्टर. डॉक्टरांनी एक्सरे उजेडाकडे धरला. "एवढ्याशा पडण्याने मोडायला नको होतं. बाईंची हाडं विरळ झालीत." मी त्या करड्या सावलीकडे बघत राहिलो. रिक्षाने घरी निघालो. स्वारगेटच्या सिग्नलला कमल एकदम म्हणाली, "मेथी तिथेच राहिली."

१५ मार्च
बुटकी उभीच राहत नाही. टोपलीत घालून जनावरांच्या दवाखान्यात नेली. तरुण डॉक्टर बाई. पोट चाचपलं, पाय हलवून बघितले.
"अंडं अडकलेलं नाही. हाडं रिती झालीत. चुना कमी पडला की कोंबडी स्वतःच्या हाडांतून काढते आणि अंड्याला लावते."
"आणि तरी पुरलं नाही तर?"
"तरी काढत राहते."
"थांबत का नाही?"
"ते तिच्या हातात नसतं, काका."
चोचीत थेंब थेंब द्यायचं औषध दिलंय. वेगळी ठेवायची. सकाळचं ऊन द्यायचं, संध्याकाळी लवकर अंधारात ठेवायची, म्हणजे अंडी थांबतील. वाचेल का विचारलं. बघू म्हणाल्या.
त्या पिशवीसारख्या अंड्यांना मी मनात नापास करून मोकळा झालो होतो. त्यांत हिचे पाय गेले.
घरी येऊन कमलला सांगितलं. ती म्हणाली, "स्वतःची हाडं?" आणि मग, "वेडी कुठली." उठली, एका हाताने वाटीत पाणी घेतलं आणि टोपलीपाशी जाऊन बसली.

१९ मार्च
कमलची रजा चालू. सकाळी गच्चीत खुर्ची टाकून बसते, मांडीवर जुना टॉवेल, टॉवेलवर बुटकी. "दोघींना ऊन सांगितलंय." आधी हिचे थेंब, मग स्वतःची गोळी. हा क्रम चुकलेला चालत नाही.
आज म्हणाली, "सुजाताच्या वेळी माझ्या दोन दाढा गेल्या. आठवतं?"
नाही आठवलं.
"तुम्ही सेकंड शिफ्टला होतात." रागाने नाही म्हणाली. कोंबडीच्या मानेवरून बोट फिरवत म्हणाली. मी वाट्या धुवायला घेतल्या. एक घर, तीस वर्षं, आणि एकीच्या हाडांतून काय काय गेलं हे मला…

२८ मार्च
उभी राहिली! भिंतीला टेकून, लटपटत. मग बसली. मग परत उभी. कमलने जिन्यातून हाक मारली, "अहो, या लवकर!" अशी हाक मी कित्येक वर्षांत ऐकली नव्हती. धावत वर गेलो तर दोघी माझ्याकडे बघत होत्या.

१३ एप्रिल
उद्या जयंती. कमलला पांढरीच साडी हवी, प्लास्टर असलं तरी. आज नेसून बघितली. निऱ्या मी घातल्या. तीनदा सोडून परत. "इन्स्पेक्टर, सारख्या पडल्या का?" नव्हत्या पडल्या. तशीच आरशासमोर उभी राहिली, हसली. बुटकी गच्चीभर फिरतेय. अंडं नाही, ते बरंच आहे.

१७ एप्रिल
सकाळपासून बुटकी बेचैन. घरट्याच्या खोक्याशी जाते, वाकून बघते, परत येते. डॉक्टर बाईंना फोन केला. "घालेल कदाचित. हाडं किती भरलीत ते बाहेरून सांगता येत नाही, काका."
कमल खोक्यापाशी जाऊन म्हणाली, "नको गं. घाई काय आहे तुला?" तिने ऐकलं नाही. आत गेली, पेंढा पायाने सारखा केला, बसली.
मी वाकून बघायला लागलो तर कमलने शर्ट धरून मागे ओढलं. "बसा इकडे. तिचं तिला करू दे."
बसलोय. हे गच्चीतच लिहितोय. कमलचा चांगला हात माझ्या गुडघ्यावर. आत पेंढा सळसळला. आता काहीच आवाज नाही.