आज बदली कोण?

१२ जाने. ९८
आबांचं बारावं झालं. वडील गेल्यावर आज पहिल्यांदा कॉलेजला शिकवायला गेले. कोणी फार विचारलं नाही, बरं वाटलं.
लॅबमध्ये एका कॉम्प्युटरवर दोघं. एक टाइप करणार, दुसरा चुका पाहणार. मी "बदली" म्हटलं की जागा बदलायची. शब्द आबांचाच. मिलमध्ये ते बदली कामगार. कोणी आला नाही की त्याचा माग आबांकडे. धागा कुठे तुटतोय ते आधीच्या पाळीवाल्याला विचारायचं, मगच हात लावायचा. मुलांनाही तोच नियम.

१६ जाने.
सचिन कीबोर्ड सोडेना. त्याची जोडीदार नीलिमा ओरडली, "ऊठ ना रे, बापाचा आहे का कॉम्प्युटर?" सगळे हसले. मीही. आबा गेल्यापासून पहिल्यांदाच.

४ फेब्रु.
घोळ. चाचणीही जोडीनंच. ती चालू असताना विभागप्रमुख आत आले. नीलिमाच्या नंबराच्या खुर्चीवर सचिन. "तू कोण?" "सर, आत्ता मी बदली." झालं! त्यांना वाटलं तोतया बसवलाय. मी समजावलं, तर म्हणाले, "दोघांत एक प्रोग्रॅम? ही तर कॉपीच." दोघांना शून्य द्या, कॉपी झाली असं लिहून सही करा, म्हणतात.

६ फेब्रु.
सही केली नाही. म्हटलं, "दोघांना वेगवेगळं बोलवा, कुठलीही ओळ विचारा. अडले तर करते सही."
सर : "प्रश्न तो नाही, मॅडम. हट्ट सोडा, नाहीतर तुमचीच बदली करायला लावीन."
आईला सांगितलं. ती भात वाढत होती. "मिलच्या संपानंतर सायबान सांगलेला, चूक झाली म्हणान लिवन दे, आत घेतंय. तुझ्या बापाशीन दिल्यान काय? नाय."
"कधी पस्तावले?"
"जेव म्हटलंय ना."

९ फेब्रु.
सरांचा निरोप. उद्यापर्यंत सही, नाहीतर प्राचार्यांकडे. जाऊ देत.
सचिन म्हणाला, "मॅडम, शून्य मला द्या, हिला सोडा."
नीलिमा : "गप रे. प्रोग्रॅम दोघांचा, तर शून्यपण दोघांचं."

१० फेब्रु.
कागद सही न करता परत पाठवला. दुपारी लॅब. सर दारात येऊन उभे. जागा बदलायची वेळ झालेली, पण मुलं स्क्रीनला डोळे लावून बसलेली.
माझा आवाज एरवी मागच्या रांगेपर्यंत पोचत नाही.
"बदली!"
सगळ्या खुर्च्या एकदम सरकल्या. सर दारातच.