राबाची राख

भिसेगाव, कर्जत
२० जुलै १९८६

चि. कान्हा यास,

अनेक आशीर्वाद. चि. सौ. आवडीलाही सांग. आई बरी आहे, मीही बरी आहे. तुमची खुशाली आईच्या नावाने येणाऱ्या कार्डांवरून कळत असते. ती कार्डं तिला मीच वाचून दाखवते, त्यामुळे 'हे ताईला सांगू नकोस' असं तू लिहितोस तेही मीच वाचते. पोरांना गोवर येऊन गेल्याचं कळलं. आता हिंडूफिरू लागली असतील.

इकडे लावणी उरकत आली. मधे उल्हास नदी चांगलीच फुगली होती, पुलाखालचं सगळं पाण्यात गेलं. आईचे गुडघे पावसाळ्यात जसे असतात तसेच आहेत. तरी पदूकाकाच्या आवणावर, भाताच्या खाचरावर, जाऊन बांधावर उभी राहते आणि लावणाऱ्या बायकांना सूचना देते. कोणी ऐकत नाही, ती थांबतही नाही.

तुझी भुकटी खरी होती. हे आधी लिहून टाकते, कारण पुढचं तू वाचशील की नाही मला ठाऊक नाही.

आवडी, तुझ्या नवऱ्याने तुला यातलं किती सांगितलंय मला माहीत नाही, म्हणून पुढचं तुझ्यासाठी. रसायनीच्या अलीकडे पाताळगंगेच्या काठी आमची प्रयोगशाळा आहे. हे, म्हणजे तुझ्या नवऱ्याचे दाजी, तिथले प्रमुख. वायू मोजायचं काम माझं. कान्हा ह्यांच्या हाताखाली होता. कर्जतच्या भातगिरण्यांतून तूस फुकट मिळतं. ते जाळून पांढरी राख करायची, ॲसिडने धुऊन धुऊन निर्मळ करायची आणि तिच्यावर लोखंडाचे कण बसवायचे. कण इतके बारीक की साध्या मायक्रोस्कोपखालीही दिसत नाहीत. त्या भुकटीवरून कोळशाचा वायू आणि पाण्याची वाफ सोडली की हायड्रोजन मिळतो. तो जळताना धूर होत नाही. बायाबापड्यांचे डोळे चुलीपायी जाऊ नयेत एवढ्यासाठी हे सगळं चाललेलं. ह्यांच्या आईचे गेले होते.

उन्हाळ्यात पाणी आटलं की प्रयोगशाळा महिनाभर बंद ठेवायचे. सत्त्याहत्तरच्या उन्हाळ्यात कान्हा एकटा मागे राहिला, विहिरीचं पाणी शेंदून काम करत राहिला, आणि त्याच्या भुकटीने नेहमीच्या तिप्पट वायू दिला. पाऊस सुरू झाल्यावर आम्ही तीच भुकटी त्याच पद्धतीने करून बघितली. नाही आला. दिवाळीत पुन्हा केली, तेव्हाही नाही. मी मोजला होता, कमी होता. कान्हा, त्याबद्दल तू माझ्यावर चिडला होतास आणि अजून चिडला असशील तर चीड. कमी होता म्हणून कमी लिहिला, तिथे मला बहीण होता येत नव्हतं.

मग ह्यांनी अहवाल लिहिला की आकडे बनावट आहेत आणि माणूस भरवशाचा नाही. आमच्या लग्नाला दोन्हीकडचे लोक तोंड फिरवून बसले होते तेव्हा एकटा तू मधे उभा राहिला होतास. त्याच माणसाबद्दल ह्यांनी ते लिहिलं. मी जेवायला वाढताना म्हटलं होतं, थोडं मवाळ लिहा. हे म्हणाले, मेहुणा आहे म्हणूनच मवाळ लिहिता येत नाही. पुढचं तुला माहीत आहे. तू चंबूगबाळं उचललंस ते थेट बल्लारपूर गाठलंस आणि शाळेत मास्तर झालास. जाताना ह्यांच्या पाया पडलास, माझ्या पडला नाहीस. ते का, हे मला अजून कळलेलं नाही.

यंदा नळाचं पाणी आलं, म्हणून उन्हाळ्यातही काम बंद पडलं नाही. चैत्रातली गोष्ट. ओली भुकटी ट्रेमध्ये घालून व्हरांड्यात वाळत ठेवली होती. समोरच्या शेतात हिरूने राब पेटवला. आवडी, तुमच्याकडे राब असतो की नाही कोण जाणे. पावसाआधी, जिथे भाताचं रोप टाकायचं तिथे शेण, पाला आणि फांद्या पसरून जाळतात. वारा आमच्या दिशेने होता. राख उडून ट्रेवर पडायला लागली तसा पोशा शिपाई ट्रे आत घ्यायला धावला. ह्यांचा स्वच्छतेचा सोस सगळ्यांना ठाऊक. चप्पल घालून आत आलं तरी ओरडायचे. त्या दिवशी पोशाला म्हणाले, "राहू दे."

मग शेताकडे वळले. मला म्हणाले, "कान्हाच्या वेळेला राब चालू होते का गं?"

मी म्हटलं, चैत्र-वैशाखात नसतील तर कधी असतील.

एक ट्रे त्यांनी काचेखाली ठेवला होता, बाकीचे उघडे राहिले. काचेखालच्या भुकटीने नेहमीसारखा वायू दिला. उघड्या भुकटीने तिप्पट. दुसऱ्या दिवशी हे स्वतः बांध उतरून गेले, राबाची राख डब्यात भरून आणली आणि चिमूटभर मुद्दाम मिसळली. पुन्हा तिप्पट. राखेत पोटॅश असतं, लोखंडाला ते चालना देतं, पुस्तकातही आहे. तुसाच्या राखेतही होतंच. आपण ते ॲसिडने धुऊन टाकत होतो आणि तुझ्या वेळेला तेच खिडकीतून परत येऊन पडत होतं. ह्यांच्या बापाने जन्मभर राब भाजले, आपल्या बापाने भाजले, तू आणि मी डोक्यावर पाला वाहिला. पण पांढरा कोट अंगावर चढला की राख म्हणजे घाण, एवढंच तिघांच्याही डोक्यात. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो आपला.

त्या दिवशी घरी येताना हे म्हणाले, कान्हाला पत्र लिहायला हवं. मी म्हटलं, लिहा. म्हणाले, आणखी एकदा करून बघतो आणि लिहितो. आणखी एकदा केलं, बरोबर आलं. मग आणखी एकदा. असं करत वैशाख संपला. दर वेळी बरोबर येत होतं आणि दर वेळी ह्यांचा चेहरा उतरत होता. एकदा तरी चुकावं असं त्यांना वाटत होतं की काय, मी विचारलं नाही. मला तेव्हा राग यायचा. आता तोही येत नाही.

भात शिजायला लावून आले. आई विचारते, एवढं काय लिवतेस. म्हटलं, कान्हाला. मग उठून भात बघायला गेली.

कान्हा, हे गेले. जूनच्या सुरुवातीला. चारफाट्यावर सकाळी प्रयोगशाळेच्या गाडीची वाट बघत बाकावर बसले होते, मांडीवर डबा. मी पलीकडच्या दुकानात सुईदोरा घ्यायला गेले होते. गाडी आली, ड्रायव्हरने हॉर्न दिला, हे उठले नाहीत. मला वाटलं डुलकी लागली, म्हणून जरा तोडूनच म्हटलं की उठा, माणसं खोळंबलीत. तेच माझं त्यांच्याशी शेवटचं बोलणं, आणि तेही त्यांनी ऐकलं नाही.

सगळ्यांना कोपरा फाडलेली कार्डं गेली. तुझ्या नावाचं मी जाऊ दिलं नाही. तसलं कार्ड माणूस उंबऱ्याबाहेर वाचतो, फाडून टाकतो आणि आंघोळीला जातो. तुझ्याकडून एवढंच व्हायला नको होतं. म्हणून आज नेहमीसारखं, खुशालीने सुरू करून लिहिलं. तुला राग आला असेल तर माझा इलाज नाही.

मला रडू आलेलं नाही. आधी लोकांना वाटलं धक्का बसला आहे, मग वाटलं बाई दगड आहे. मला काही वाटत नाही. डाळीत मीठ पडलंय की नाही तेही कळत नाही, आई चाखून सांगते. कामावर जाते, वायू मोजते, आकडे बरोबर येतात.

दिवसकार्य ह्यांच्या गावी झालं. तेराव्याला माहेरचं लुगडं अंगावर पडल्याशिवाय दुखवटा उतरत नाही, तुला माहीत आहेच. पदूकाका लुगडं घेऊन आला होता. आईने भरल्या मांडवात त्याला परत फिरवलं. म्हणाली, "तिचा भाव जिता हाय. त्याचंच लुगडं येल." बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मी तशीच उठले. आजही आमच्या घरात सण नाही की गोडधोड नाही. दुखवटा चालूच आहे.

त्यानंतर प्रयोगशाळेत शोकसभा झाली. टेबलावर ह्यांचा फोटो, हार, उदबत्ती. मेल्या म्हशीला मणभर दूध असतंच, तसं सगळे बोलले. मग वरच्या कचेरीतले मोठे साहेब उठले. म्हणाले, वाल्मिकरावांनी खोटं कधी खपवून घेतलं नाही, घरचा माणूस असला तरी सोडला नाही, हा आदर्श तरुणांनी समोर ठेवावा. तुझं नाव घेतलं नाही, पण बसलेल्या सगळ्यांना कळलं. मी नुसते हात जोडून उभं राहायचं असं ठरलं होतं. उभी राहिले आणि म्हटलं, "माझ्या भावाची भुकटी खरी होती. ह्यांचा अहवाल चुकला. हे त्यांना चैत्रात कळलं होतं आणि ते सांगणार होते."

साहेब म्हणाले, बाई दुःखात आहेत, बसवा त्यांना. मी बसले नाही. राखेचा डबा कपाटात होता, तो आणून टेबलावर ठेवला आणि म्हटलं, या, मोजून बघा. त्या दिवशी कोणी आलं नाही. नंतर साहेब स्वतः खुर्ची टाकून बसले तेव्हा मी त्यांच्यासमोर दोन्ही भुकट्या करून दाखवल्या. आता ते तुला रीतसर पत्र पाठवणार आहेत. जुना अहवाल रद्द होईल आणि हे काम तुझ्या नावावर छापलं जाईल. त्यासाठी तुला माझ्याकडे यायची गरज नाही, मला काही लिहायचीही नाही. ते तुझं होतं, तुला मिळालं. तुझ्यावर उपकार म्हणून मी ते केलं नाही.

थोरले दीर भिवाजी सभेला आले होते. माझं बोलून झालं तसे उठले, हारासकट फोटो काखेत मारला आणि दारातून म्हणाले, "बाय, मेलेल्याला पुन्हा मारलंस तू." तेव्हापासून त्यांच्या घरचं कोणी इकडे फिरकलं नाही. फोटोही तिकडेच आहे, माझ्याकडे दुसरा नाही. आम्ही कधी काढून घेतला नव्हता.

भिवाजी म्हणतात ते खरं असेल. हे लिहिणार होते असं मी भरसभेत सांगितलं, पण खरंच लिहिणार होते का, हे मला ठाऊक नाही. दोन महिने त्यांच्यासमोर टाक होता, कागद होता. मला वाटतं लिहिलं असतं. कधी वाटतं, आणखी एकदा करून बघू म्हणत म्हणत पुढचा चैत्रही गेला असता. तू त्यांच्याबरोबर माझ्यापेक्षा जास्त जवळून काम केलंस, तुला कदाचित जास्त कळेल.

तर आता असं आहे. प्रयोगशाळेत ह्यांचा विषय निघाला की माणसं चहाचा कप उचलून दुसरीकडे जातात, कारण स्तुती करावी तर मी समोर आणि दोष द्यावा तरी मी समोर. सासरच्यांनी मला टाकलं. आईला वाटतं नाव काढलं तर मला त्रास होईल, म्हणून ती गुडघ्यांविषयी बोलते. शेजारची मंगळी अंगणात गप्पा मारताना मला बघून गप्प होते. आणि मी तर त्यांना कधी नावाने हाक मारलीच नाही.

त्यांना माफ कर असं मी म्हणणार नाही. तसं म्हणायचा हक्क मला नाही, आणि तू ते करावंस असंही मला वाटत नाही. लुगडं आणायचं तर आण, नाही आणलंस तरी माझं काही अडत नाही. पण एकदा ये. ओटीवर बस आणि नऊ वर्षं पोटात धरून ठेवलेलं सगळं ओक. वाल्मिक असा होता, वाल्मिकने माझं असं केलं, काय शिव्या द्यायच्या त्या मोठ्याने दे. मी समोर बसून ऐकेन, एका शब्दाने अडवणार नाही. तेवढ्यासाठी का होईना, या घरात कोणीतरी त्यांचं नाव घेईल.

तुझी,
जयाताई